वॉर्डात मोजायचं काय, बदलायचं काय: नर्सिंगच्या मुलामुलींचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची आहेत आणि विषय जवळजवळ एकच, क्वालिटी इम्प्रूव्हमेंट, म्हणजे पेशंटची काळजी मोजून सुधारत नेणं. सिलॅबसमध्ये आहे, व्हायवात विचारतात, वॉर्डात फायली दिसतात, पण हे हातानं करायचं कसं ते कुणी शेजारी बसून सांगत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि या वेळची सगळी जागा यालाच दिलीय. मध्ये एक पत्र पेशंटच्या मुलाचं आहे, ते मुद्दाम घेतलंय.

प्रश्न: ताई, मी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्वालिटी ॲश्युरन्स आणि क्वालिटी इम्प्रूव्हमेंट यातला फरक मला पाठ आहे पण समजलेला नाही. आमच्या पोस्टिंगच्या हॉस्पिटलमध्ये इन्स्पेक्शन असलं की आठ दिवस आधीपासून चार्ट भरायला घेतात, बोर्ड लागतात, कपाटातल्या नव्या चादरी निघतात. यालाच क्वालिटी म्हणायचं का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: तुला हे खटकतंय ते बरंच आहे, खटकू दे. आधी फरक सांगते. ॲश्युरन्समध्ये कुणीतरी स्टँडर्ड ठरवून दिलेलं असतं आणि आपण त्याप्रमाणे चाललोय का ते तपासायचं असतं. हॉस्पिटलांना मानांकन देणारं एनएबीएच २००५ पासून आहे, सरकारी दवाखान्यांसाठी २०१३ मध्ये एनक्यूएएस हे राष्ट्रीय स्टँडर्ड आलं, २०१५ ला स्वच्छतेसाठी कायाकल्प आणि डिसेंबर २०१७ मध्ये लेबर रूम आणि मॅटर्निटी ओटीसाठी लक्ष्य. हे हवंच, त्याला नावं ठेवायची नाहीत. लेबर टेबलांच्या मध्ये पडदे, बाईजवळ तिच्या घरचं एक माणूस, या गोष्टी कितीतरी ठिकाणी लक्ष्यच्या चेकलिस्टमुळेच झाल्यात, सिस्टर नुसत्या मागत राहिल्या असत्या तर झाल्या नसत्या.

इम्प्रूव्हमेंटमध्ये बाहेरून कुणी येत नाही. वॉर्डातलेच लोक एक अडचण धरतात, मोजतात, काहीतरी छोटं बदलून बघतात आणि परत मोजतात. ॲश्युरन्सवाला विचारतो पास की नापास, इम्प्रूव्हमेंटवाला विचारतो मागच्या महिन्यापेक्षा बरं आहे का, आणि कशामुळे.

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं स्ट्रक्चर, प्रोसेस, आउटकम तुला पाठ असेलच, ते आता एका पेशंटवर लावून बघ. अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. एअर मॅट्रेस आहे का, वळवायला वॉर्डातले मामा नाहीतर मावशी (वॉर्डबॉय, आया) हाताशी आहेत का, हे स्ट्रक्चर. ॲडमिशनलाच बेडसोअरचा धोका सांगणारा ब्रेडन स्कोअर काढला का (६ ते २३ मधला आकडा येतो, १८ किंवा कमी आला की धोका धरायचा), ठरल्याप्रमाणे कूस बदलली का, ओली चादर लगेच काढली का, हे प्रोसेस. माकडहाडापाशी, टाचेवर कातडी कशी आहे हे आउटकम. टाचेची लाली बोटानं दाबून बघायची, फिकी होत नसेल तर बेडसोअरची पहिली स्टेज झालेली आहे, जखम दिसायची वाट बघायची नाही.

इन्स्पेक्शनच्या आधीची धावपळ असते ती बहुतेक सगळी स्ट्रक्चरची आणि कागदाची. एकदा पोझिशन चार्ट जवळून बघ. आठ, दहा, बारा, दोन, चार, सगळ्या वेळा एकाच पेनानं एका दमात लिहिलेल्या, अक्षराचा तिरकेपणासुद्धा सारखा, सह्या एकाखाली एक अगदी सरळ रेषेत, आणि आजोबा सकाळपासून त्याच कुशीवर. रिकाम्या चार्टपेक्षा हा चार्ट वाईट, कारण रिकामा बघून पुढच्या शिफ्टची सिस्टर निदान स्वतः जाऊन बघेल, भरलेला बघून ती निश्चिंत होते. तुझ्या हातून असा चार्ट कधी भरला जाऊ देऊ नकोस, कुणी सांगितलं तरी नाही. जेवढं झालं तेवढंच लिही, नाही झालं तर का नाही झालं ते लिही.

प्रश्न: आमच्या ग्रुपला क्यूआय, म्हणजे क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचा प्रोजेक्ट करायचाय, सहा जणी आहोत, चार आठवड्यांचं पोस्टिंग आहे. मॅडमनी टॉपिक दिलाय 'रुग्णालयातील संसर्ग कमी करणे'. कुठून सुरू करायचं तेच कळत नाही, सीनियर म्हणतात गेल्या वर्षीची फाइल बघून लिहा. (जीएनएम दुसरं वर्ष, लातूर)

उत्तर: गेल्या वर्षीची फाइल ठेवून द्या आणि मॅडमना विनंती करून टॉपिक लहान करून घ्या, सहा मुली चार आठवड्यांत हॉस्पिटलचा संसर्ग कमी करू शकत नाहीत पण एका वॉर्डातलं एक काम नक्की सुधारू शकतात, आणि मॅडमना नीट सांगितलंत तर त्या हो म्हणतील असं मला वाटतं.

मी तुम्हाला इंट्राकॅथ, म्हणजे सलाईन-इंजेक्शनसाठी शिरेत ठेवलेली नळी, सुचवते. प्रत्येक वॉर्डात असतं, रोज दिसतं, बघायला मशीन लागत नाही आणि शीर सुजली की पेशंटला किती दुखतं ते तुम्ही बघितलंय. एम्स दिल्ली आणि डब्ल्यूएचओच्या दक्षिण-पूर्व आशिया ऑफिसनं मिळून पीओसीक्यूआय म्हणून एक सोपी पद्धत बसवलीय, पॉइंट ऑफ केअर क्वालिटी इम्प्रूव्हमेंट. त्यात चारच पायऱ्या आहेत: अडचण निवडून टीम करायची आणि उद्दिष्ट लिहायचं, मग कारणं शोधायची आणि मोजायचं कसं ते ठरवायचं, मग बदल करून बघायचा, आणि जमलं तर ते टिकवायचं. तुम्ही याच रस्त्यानं जा.

टीममध्ये नुसत्या सहा मुली नकोत. इन्चार्ज सिस्टर हव्यात, नाइटची एखादी स्टाफ सिस्टर हवी आणि ट्रॉली लावणारे मामा तर हवेतच, कारण ट्रेमध्ये काय असतं आणि काय नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त बघा. रोज एका ठरलेल्या वेळी, समजा राउंड संपल्यावर अकराला, वॉर्डातलं प्रत्येक इंट्राकॅथ बघायचं आणि दोनच गोष्टी लिहायच्या. एक, स्टिकिंगवर (वरच्या चिकटपट्टीवर) लावल्याची तारीख आणि वेळ आहे का. दोन, व्हीआयपी स्कोअर, म्हणजे शीर कितपत सुजलीय त्याचा आकडा, किती. ० म्हणजे जागा चांगली, १ म्हणजे थोडं दुखणं किंवा थोडी लाली, लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली, सूज यातल्या दोन गोष्टी दिसल्या की २, तिथं फ्लेबायटिस (शिरेचा दाह) सुरू झालेला असतो आणि इंट्राकॅथ काढून दुसरीकडे लावायचं, असं ५ पर्यंत जातं. पेशंटचं नाव तुमच्या कागदावर लिहायचं नाही, बेड नंबर पुरे.

आता समजा पहिल्या दिवशी २० इंट्राकॅथ होते आणि ६ वर तारीख होती, म्हणजे ३० टक्के. इथं बहुतेक ग्रुप काय करतात, तर स्टाफला लेक्चर देतात, पोस्टर लावतात, प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट घेतात आणि नॉलेज वाढलं असं लिहून प्रोजेक्ट संपवतात. पण तारीख लिहायची असते हे कुठल्या सिस्टरला माहीत नाही? नॉलेज नाही हे कारणच नसतं बहुतेक वेळा. म्हणून विचारा, का नाही लिहिली. पेन नव्हता. का नव्हता? बॉलपेन होता पण स्टिकिंगवर बॉलपेन उमटत नाही, मार्कर लागतो. मग मार्कर का नाही? मार्कर इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात असतो, बाहेर ठेवला की जातो. आणि कपाटाची किल्ली? दुपारी चारनंतर मिळत नाही. चार प्रश्नांत तुम्ही कपाटाच्या किल्लीपाशी आलात, आता सांगा लेक्चर देऊन काय होणार होतं.

मग उद्दिष्ट लिहा, आणि त्यात कोण, काय, कितीवरून किती, कधीपर्यंत हे सगळं यायला हवं: "वॉर्ड ५ मधल्या इंट्राकॅथवर तारीख-वेळ लिहिलेली असण्याचं प्रमाण तीन आठवड्यांत ३० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेणं." संसर्ग कमी करणे हे उद्दिष्ट होत नाही, ती इच्छा झाली.

बदल करताना पीडीएसए वापरा, प्लॅन, डू, स्टडी, ॲक्ट. शूहार्ट आणि डेमिंग या दोन अमेरिकन गुणवत्ता-तज्ज्ञांकडून, कारखान्याच्या कामातून, हे आपल्याकडे आलंय. यातली खरी गोष्ट ही की पहिली चाचणी एकदम लहान ठेवायची, एक सिस्टर, एक शिफ्ट, एक ट्रे, बस. समजा ट्रेला दोरीनं मार्कर बांधला. दुपारपर्यंत कळलं की दोरी ट्रेमधल्या स्वच्छ सामानावर लोळते, इन्फेक्शन कंट्रोलच्या दृष्टीनं चूक. मग दुसरी चाचणी, सकाळीच कागदी लेबलं कापून त्यावर तारीख, वेळ, सही असं छापून ट्रेच्या एका कप्प्यात ठेवली, त्यावर बॉलपेन चालतो. हे जमलं तर दुसऱ्या दिवशी तीन सिस्टर, मग नाइट शिफ्ट, मग पूर्ण वॉर्ड. जी चाचणी फसली ती रिपोर्टमध्ये लिहायचीच, लपवायची नाही, एक्झामिनरला त्यावरूनच कळतं की तुम्ही खरंच वॉर्डात होतात.

मोजताना तीन प्रकारची मापं ठेवा. तारीख लिहिली का हे प्रोसेसचं. व्हीआयपी २ किंवा जास्त किती हे आउटकमचं. आणि तिसरं जे सगळे विसरतात, बॅलन्सिंगचं, म्हणजे एक सुधारताना दुसरं बिघडलं नाही ना. तारीख दिसायला लागली म्हणून चांगली चाललेली इंट्राकॅथ उगाच काढून पेशंटला परत परत टोचलं जातंय का तेही मोजा, पेशंटच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे.

रोजचा टक्का ग्राफपेपरवर टाका, मध्यक म्हणजे मेडियनची आडवी रेघ मारा, झाला रन चार्ट. लागोपाठ सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर खरंच काहीतरी बदललंय असं धरतात, एखाद-दुसरा ठिपका वर गेला म्हणून पेढे वाटायचे नाहीत. आणि चार आठवड्यांत फ्लेबायटिस कमी झालेला दिसला नाही तर तसंच लिहा की प्रोसेस सुधारली, आउटकमला जास्त दिवस लागतील. त्यानं मार्क कमी होत नाहीत. झाले तरी हरकत नाही, खोटा आकडा लिहायचा नाही.

प्रश्न: मॅडम, मी नर्सिंगला आले कारण मला माणसांची सेवा करायचीय. हे रेट, टक्के, ग्राफ काढणं आमचं काम आहे का? मला गणित कधीच जमलं नाही. (पहिलं वर्ष, सिंधुदुर्ग)

उत्तर: तुमच्या लॅम्प लाइटिंगच्या शपथविधीला जिचा फोटो लावतात त्या नाइटिंगेलबाईंचंच उदाहरण घे. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात त्या १८५४ ला गेल्या, पहिल्या हिवाळ्यात तिथं सैनिक भराभर मेले, १८५५ च्या मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन आलं, गटारं साफ झाली, हवा खेळती केली आणि मृत्यू खाली आले. परत आल्यावर त्यांनी महिन्यामहिन्याचे आकडे मांडून १८५८ मध्ये ती गोलाकार आकृती छापली ज्यात एका नजरेत दिसतं की जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक गेले. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना फेलो करून घेतलं, पहिलीच बाई. दिवा घेऊन फिरणं खरं होतंच, पण सरकारला हलवलं ते या आकड्यांनी.

आणि गणित पाचवीच्या पलीकडचं लागत नाही. समजा एका वॉर्डात महिन्यात कॅथेटरमुळे (लघवीच्या नळीमुळे) लघवीचं इन्फेक्शन झालेले ३ पेशंट, दुसऱ्यात ४. दुसरा वॉर्ड वाईट? थांब. रोज ठरलेल्या वेळी किती पेशंटना कॅथेटर आहे ते मोजून महिन्याची बेरीज केली की कॅथेटर-डेज मिळतात. पहिल्यात आले १५०, दुसऱ्यात ५००. भागून हजारानं गुण, पहिल्यात हजार कॅथेटर-दिवसांमागे २०, दुसऱ्यात ८. म्हणजे लक्ष पहिल्या वॉर्डाकडे द्यायला हवं होतं. हा भागाकार केला नसता तर चुकीच्या सिस्टरना बोलणी बसली असती, आणि पहिल्या वॉर्डातले पेशंट तसेच राहिले असते.

प्रश्न: आमच्या वॉर्डात एकाच आडनावाचे, जवळपास सारख्या नावाचे दोन पेशंट शेजारी होते. सिस्टर एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला द्यायला निघाल्या होत्या, मी हळूच म्हटलं सिस्टर हे दुसरे आहेत ना, त्या थांबल्या. नंतर म्हणाल्या कुणाला बोलू नकोस. काही झालं नाही त्यामुळे विषय संपला. पण मला झोप लागत नाहीये. मी रिपोर्ट करायला हवा का? माझे इंटर्नल मार्क तिथल्याच लोकांच्या हातात आहेत. (नाव देत नाही)

उत्तर: सगळ्यात आधी, तू त्या क्षणी तोंड उघडलंस, हे तुझ्या तीन वर्षांच्या शिक्षणातलं सगळ्यात मोठं काम झालं असं समज. भीती वाटत असताना बोललीस म्हणून जास्तच.

जे झालं त्याला निअर मिस म्हणतात, चूक पेशंटपर्यंत पोचायच्या आधी पकडली गेली. "काही झालं नाही" म्हणून सोडून देतात आणि तिथंच घात होतो, कारण तेच दोन पेशंट अजून शेजारी आहेत आणि रात्री तू तिथं नसशील. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचं मॉडेल तू शिकली असशील, चीजच्या चकत्या एकामागे एक उभ्या केल्यात आणि प्रत्येकीला भोकं आहेत, सगळी भोकं एका रेषेत आली की चूक आरपार जाऊन पेशंटला लागते. तुझ्या वॉर्डात भोकं कोणती होती बघ: सारखी नावं, शेजारचे बेड, रिस्टबँड नाही किंवा बघितला नाही, इंजेक्शनच्या ट्रेवर नुसता बेड नंबर, आणि बहुतेक त्या सिस्टर एकट्या कितीतरी पेशंट बघत असतील. शेवटची चकती तू होतीस.

म्हणून रिपोर्ट हवाच, पण तो सिस्टरच्या विरुद्ध नाही. अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं १९९९ मध्ये अंदाज दिला की तिथल्या हॉस्पिटलांत टाळता येण्यासारख्या चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरतात, आणि त्या अहवालाचं म्हणणं हेच होतं की वाईट माणसं शोधून हे थांबणार नाही, व्यवस्था बदलायला लागेल. वॉर्डात सलाईनच्या सामानात पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र ॲम्प्यूल ठेवायचे आणि वर सावध राहा म्हणून सांगायचं, यापेक्षा ते ॲम्प्यूल वॉर्डाच्या कपाटातूनच काढून टाकायचे, असं जे अनेक हॉस्पिटलांनी केलं ते याच विचारानं.

तू असं कर. आधी त्याच सिस्टरशी एकटीनं बोल, "सिस्टर, मला तुमची तक्रार करायची नाही, पण या दोन पेशंटचं काहीतरी करूया, रात्री परत व्हायला नको." कितीतरी सिस्टर हो म्हणतात, त्यांनाही ते आतून खात असतं. त्या नको म्हणाल्या तर तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरकडे जा, ही त्यांची जबाबदारी आहे, त्यांनी तुझ्या वतीनं इन्चार्ज सिस्टरशी बोलायचं. इन्सिडंट फॉर्म असेल तर त्यात घटना लिहायची, काय झालं, कुठे थांबलं, काय बदलता येईल, आणि नाव सांगायची सक्ती नसेल तर नावाशिवाय. मागायचं काय तेही स्पष्ट असू दे: दोघांपैकी एकाचा बेड बदला, दोन्ही केसपेपरवर "सारखं नाव" असा ठळक शिक्का मारा, आणि हँडओव्हरमध्ये दर शिफ्टला हे तोंडानं सांगा.

आणि मार्कांची भीती खरी आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही. ज्या वॉर्डात विद्यार्थिनीला बोलायची भीती वाटते त्या वॉर्डाची ती मोठी उणीव आहे, तुझी नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी) घालायच्या पाच गोष्टींची यादी केली: हात धुणं, पूर्ण ड्रेप आणि गाऊन, क्लोरहेक्सिडीन, शक्यतो मांडीची शीर टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. डॉक्टरनं यातली पायरी सोडली तर नर्सनं थांबवायचं, हा अधिकार वरून दिला गेला, आणि सगळं सामान एका ट्रॉलीत आणून ठेवलं. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूत असं काम केलं तेव्हा हजार कॅथेटर-दिवसांमागे रक्तातल्या इन्फेक्शनचा मध्यक २.७ होता तो तीन महिन्यांत शून्यावर आला, २००६ ला ते छापून आलं. पाचही गोष्टी सगळ्यांना आधीपासून माहीत होत्या. नवीन काय होतं, तर नर्सनं थांबा म्हटल्यावर तिच्यामागे कुणीतरी उभं होतं.

प्रश्न: मी नर्स नाही, पेशंटचा मुलगा आहे. वडील ॲडमिट होते तेव्हा प्रत्येक गोळीला, प्रत्येक सुईला सिस्टर नाव विचारायच्या. तिसऱ्या दिवशी वडील चिडले, म्हणाले रोज येता आणि माझं नाव माहीत नाही? हे गरजेचं असतं का? (ठाणे)

उत्तर: दादा, अगदी गरजेचं असतं, आणि वरचं पत्र वाचलंत तर का ते कळेल. दोन खुणा जुळल्याशिवाय औषध, रक्त, सॅम्पल काही करायचं नाही असा नियम आहे, पूर्ण नाव आणि केसपेपरचा नंबर किंवा जन्मतारीख. बेड नंबर चालत नाही, बेड बदलतात. "तुम्ही पाटील ना?" असंही विचारायचं नसतं, कारण झोपेतला, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो, नाव पेशंटच्याच तोंडून यायला हवं.

तुम्ही एवढं करा, वडील शुद्धीत असतील तर त्यांचं नाव त्यांनाच सांगू द्या, तुम्ही मध्ये सांगू नका. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर दर वेळी बोला. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही पहिल्याच दिवशी पेशंटला एक वाक्य सांगत जा, "काका, मी दर वेळी नाव विचारणार, तुमच्याच सुरक्षिततेसाठी." लोक चिडत नाहीत मग.

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रात्री लेबर रूम, वॉर्ड आणि कॅज्युअल्टी मिळून आम्ही दोघी, कधी एकटी. प्रत्येक क्वालिटी ट्रेनिंगनंतर एक नवीन रजिस्टर वाढतं. माझ्याकडे पोस्टिंगला येणाऱ्या मुलींना मी काय शिकवू, सांगा. (विदर्भ)

उत्तर: सिस्टर, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स आणि इतर हॉस्पिटलला पाचामागे एक असं आहे, आणि तुमच्या रात्रीला त्याच्या जवळपासही काही नाही. भरती झाली पाहिजे, ही मागणी क्वालिटीचीच मागणी आहे आणि ती लावून धरायलाच हवी. मुलींनाही हे खरं सांगा.

उत्तर प्रदेशात १२० सरकारी केंद्रांत बेटरबर्थ म्हणून मोठा अभ्यास झाला होता, २०१७ ला निकाल आला. बाळंतपणाच्या चेकलिस्टसोबत सिस्टरना शेजारी उभं राहून कोचिंग दिलं, त्यामुळे काम करायची पद्धत बरीच सुधारली, पण आई-बाळांच्या मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला हा अभ्यास फार प्रामाणिक वाटतो. चेकलिस्टनं हात धुतले जातील, बीपी बघितलं जाईल, पण मला विचाराल तर रक्त, ॲम्ब्युलन्स, सिझेरियनची सोय आणि पुरेशी माणसं चेकलिस्टमधून येत नाहीत.

तरी तुमच्या हातातलं एक सांगते. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. हे होतं का, आणि उशीर झाला तर का, एवढं एकच मोजा. ॲम्प्यूल लांबच्या फ्रिजमध्ये असतं का, फ्रिज २ ते ८ डिग्रीत असतो का, रात्री लाइट जाते का, बाई टेबलवर घेतानाच ॲम्प्यूल आणि सिरिंज ट्रेमध्ये आणून ठेवता येईल का. वेळ लिहायला नवीन रजिस्टर नको, डिलिव्हरी रजिस्टरमध्येच एक रकाना आखा. आणि पोस्टिंगच्या मुलींकडून एक काम करून घ्या, तुमच्या सगळ्या रजिस्टरांत तीच तीच माहिती कुठे कुठे लिहावी लागते त्याचा तक्ता करायला सांगा, तो मेडिकल ऑफिसरना दाखवा. दोन रजिस्टरं कमी झाली तर पेशंटजवळ तेवढा वेळ मिळेल, तेही इम्प्रूव्हमेंटच.

प्रश्न: पेशंट बिघडतोय असं वाटतं पण सिस्टरना किंवा डॉक्टरांना सांगताना मी गडबडते, ते म्हणतात नीट सांग काय झालंय. एसबार (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन या क्रमानं सांगणं) पाठ आहे पण तोंडात येत नाही. (बीएस्सी तिसरं वर्ष, नाशिक)

उत्तर: आधी एक विचारते, रेस्पिरेशन तू पूर्ण मिनिट मोजतेस का? कितीतरी टीपीआर (ताप, पल्स, रेस्पिरेशन) चार्टवर अख्ख्या वॉर्डाचं रेस्पिरेशन २० असतं, न्यूमोनियाचं २० आणि हर्नियाचंही २०. पेशंट बिघडायला लागला की श्वास बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो, आणि नेमका तोच आपण अंदाजानं लिहितो. पल्स बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि छातीकडे बघून साठ सेकंद मोजायचं, कारण मोजताय हे कळलं की पेशंट श्वास बदलतो.

मग एसबार आपोआप येतं. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून आलेली ही पद्धत आहे, कैसर पर्मनंटे या अमेरिकन आरोग्यसंस्थेनं ती हॉस्पिटलात आणली. मराठीत असं बोल, अगदी असंच: "सिस्टर, बेड १२ चे काका बिघडतायत, तुम्ही आत्ता बघायला या. काल न्यूमोनियानं ॲडमिट झालेत, शुगर आहे. रेस्पिरेशन २६, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९१, पल्स ११८, बीपी ९४/६०, सकाळी १२० होतं. मला वाटतं इन्फेक्शन वाढतंय. डॉक्टरांना कॉल देऊया का, तोवर मी काय तयारी करू?" पेशंट किती बिघडलाय ते सांगणाऱ्या इंग्लंडच्या न्यूज २ स्कोअरनं या चारच आकड्यांचे १० होतात, आणि तिथं ७ ला इमर्जन्सी धरतात.

शेवटचं वाक्य, म्हणजे आपल्याला काय हवंय, ते मुली लाजून गिळतात, ते बोलायचंच. फोनवर ऑर्डर मिळाली तर ती घेणाऱ्या सिस्टरनं लिहून परत वाचून दाखवायची, तू शेजारी उभी राहून ऐक. आणि कुणाला किती वाजता सांगितलं ते नर्सेस नोट्समध्ये लगेच लिहायचं, ड्युटी संपताना नाही. रूमवर मैत्रिणीसोबत हे दहा वेळा मोठ्यानं बोलून बघ, एक जण सिस्टर आणि एक जण स्टुडंट, मग आलटून पालटून.